न्यूट्रिनो घावल्याचा बोर्ड

आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, जे भांड्यात पडत नाही ते खरं वाटत नाही. त्यांचा दुधाचा धंदा. शिवाजी पेठेत घरामागंच गोठा, गोठ्यात म्हशी, आणि संध्याकाळी त्याच म्हशी चौकातल्या दूध कट्ट्यावर नेऊन गिऱ्हाइकांच्या डोळ्यांदेखत धार काढायची, फेसासकट ग्लास हातात द्यायचा. पाणी घातलं की नाही ही शंका घ्यायला जागाच ठेवायची नाही, हा त्यांचा अभिमान. अशा माणसाच्या पोटी मी जन्मले आणि उमेदीची सगळी वर्षं एका अशा कणामागं घालवली, जो दिसत नाही, लागत नाही आणि कुठं थांबत नाही. दर रविवारी मी परदेशातून फोन करायची. आबा तब्येत विचारायचे नाहीत, जेवण विचारायचे नाहीत. त्यांचा एकच प्रश्न असायचा.

"घावलं का?"

"न्हाई आबा, अजून न्हाई."

"मग पगार कशाचा देत्यात गं तुला?"

हे ते कट्ट्यावर उभं राहून, आसपासच्या चार लोकांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारायचे. लोक हसायचे ते मला फोनमधून ऐकू यायचं. आई नंतर फोन घेऊन म्हणायची, "मनाला लावून घिऊ नको, त्यांचं बोलनंच तसलं." आमच्या घरात आबांच्या बोलण्यानं जे जे कोण घायाळ झालं, त्याला हेच औषध मिळत आलंय.

आता ते न घावणारं काय होतं ते सांगते. अणुभट्टीतून न्यूट्रिनो नावाचे कण अखंड बाहेर पडत असतात. त्यांना भिंत नाही, डोंगर नाही, माणूस नाही. सगळ्यातून आरपार जातात आणि कुणाला पत्ता लागत नाही. पण त्या अफाट गर्दीतला एखादा, फार फार क्वचित, एखाद्या अणूच्या केंद्रकाला धडकतो. केंद्रक जागच्या जागी किंचित हलतं आणि त्या हलण्यानं इतकीशी ऊब निर्माण होते की तिला ऊब म्हणायलाही लाज वाटावी. ती मोजणं हे माझं काम. त्यासाठी खडीसाखरेच्या खड्याएवढा एक स्फटिक तांब्याच्या डबीत चिमट्यांनी धरून बसवायचा आणि इतका गार करायचा की त्याहून गार होण्यासारखं फारसं काही उरतच नाही. बर्फ त्याच्यापुढं उकळता चहा. तेवढ्या गारठ्यात स्फटिक इतका शांत होतो की एका केंद्रकाचा धक्काही त्याला कळतो.

पण मग त्याला बाकीचंही सगळं कळतं. रस्त्यानं ट्रक गेला तरी कळतं, शेजारच्या खोलीत दार आपटलं तरी कळतं. म्हणून अणुभट्टीच्या कुंपणाला लागून असलेल्या आमच्या प्रयोगशाळेत सगळे दबक्या पावलांनी चालायचे आणि कुजबुजल्यासारखं बोलायचे. कोल्हापूरच्या माणसाला ही शिक्षाच. मी फोनवर साधं "बोला आबा" म्हटलं तरी शेजारच्या खोलीतनं कुणीतरी येऊन पंप बिघडला का बघून जायचं.

गटात आणखी एक मराठी माणूस होता, पुण्याचा. माझ्याहून थोडा धाकटा, हुशार, नीटनेटका, वाक्य पूर्ण केल्याशिवाय न थांबणारा. आमच्याकडच्या बायका "मी जातो, मी येतो" असं बोलतात, त्याची त्याला फार गंमत वाटायची. परक्या देशात सकाळी सकाळी मी "आलो हं" म्हटलं की तो हळूच विचारायचा, "कोण आला?" मला राग यायचा, पण मराठी ऐकायला मिळायची तेवढ्यावर मी तो गिळायची. आईनं पाठवलेली कांदा-लसूण चटणी तो माझ्याकडून मागून न्यायचा, आणि बरणी कधी परत करायचा नाही.

गटाच्या प्रमुख एक बाई होत्या. त्यांनी आवाज चढवलेला मी कधी ऐकला नाही. गरजच पडायची नाही, त्या नुसतं बघायच्या आणि समोरचा आपली चूक स्वतःच सांगायला लागायचा. त्या वर्षी त्यांनी मला बोलावून सांगितलं होतं की या खेपेच्या मोजणीचं विश्लेषण तू कर. नीट झालं तर तुझी इथली जागा पक्की, आणि शोधनिबंधावर पहिलं नाव तुझं. मी आयुष्यात इतकं मनापासून दुसरं काही मागितलं नव्हतं. लग्न नको म्हटलं होतं, पेठ सोडली होती, आबांच्या जिभेचे फटके रविवारच्या रविवारी खाल्ले होते, ते या एका ओळीतल्या पहिल्या नावासाठी.

त्या जागेला एकच अट होती आणि ती कामावर घेतानाच सगळ्यांना सांगितलेली. अणुभट्टी चालू असताना मोजायचं, मग ती इंधन बदलायला बंद पडेल तेव्हा पुन्हा मोजायचं. दोन्ही आकडे शेजारी ठेवून बघेपर्यंत बाहेर एक अक्षर बोलायचं नाही. कारण उघड आहे. भट्टी बंद झाली की न्यूट्रिनो बंद. तेव्हा स्फटिकात नोंदले जाणारे धक्के, म्हणजे आमच्या भाषेत ठोके, कमी झाले तर ते न्यूट्रिनोचे, नाही झाले तर आपण कशाला तरी भुललो. त्याआधी बोभाटा केला की माणसाला आपलाच बोभाटा खरा वाटायला लागतो, असं बाई म्हणायच्या. मला ते पटलेलं होतं. आजही पटतं.

एका रविवारी सकाळी माझ्या पडद्यावर आलेख पुरा झाला. अगदी कमी ऊर्जेच्या बाजूला ठोक्यांची रेघ वर चढत गेली होती. न्यूट्रिनोनं आपली खूण ठेवली तर ती अशीच दिसली पाहिजे. मी खुर्चीतून उठले, पुन्हा बसले, पुन्हा उठले. मनात चिमट्यांची एक शंका होती. गार होताना धातू आकसतो आणि स्फटिकाला चावतो, त्यानंही असले ठोके पडू शकतील असं मी एका बैठकीत बोलले होते, कुणी फारसं मनावर घेतलं नव्हतं. त्या सकाळी मीही नाही घेतलं. आणि नेमका तेव्हाच आमचा रविवारचा फोन.

"घावलं का?" आबांनी विचारलं. मागं कट्ट्यावरची माणसं होतीच.

"घावल्यागत वाटतंय," मी म्हणाले.

आबांना उलटा प्रश्न सुचला नाही असं मी जन्मात पहिल्यांदा ऐकलं. मग एकदम घसा खाकरून म्हणाले, "फोटू पाठीव. तुज्या आईला दावतो."

मी पडद्याशेजारी उभी राहून, बोट दाखवून, दात काढून एक फोटो काढला आणि पाठवला. तीस-पस्तीस वर्षांत बापानं पहिल्यांदा काहीतरी मागितलं होतं. अटीबिटी त्या वेळी आठवल्या असत्या तर मी त्यांची पोरगी नसते.

आमच्या पेठेत पोरगं दहावी पास झालं तर चौकात डिजिटल बोर्ड लागतो. नवा टेम्पो घेतला तर लागतो, कुत्र्याचा वाढदिवस असला तरी लागतो. तेव्हा जगाला न दिसलेला कण पेठेच्या पोरीनं धरला म्हटल्यावर काय होणार हे मला कळायला हवं होतं, असं नंतर मला बऱ्याच शहाण्यांनी सांगितलं. आबा त्या दिवशी धार आटोपून तडक मंडळात गेले. एका दिवसात बोर्ड छापून चौकात चढला, आणि मंडळाच्या पोरांनी त्याचा फोटो गावभर फिरवला. गावभर म्हणजे जगभर.

बोर्डावर अर्ध्या भागात मी. उरलेल्या अर्ध्यात शुभेच्छुकांचे चेहरे, गॉगल घातलेले, त्यात एका भावी नगरसेवकाचा चेहरा माझ्या चेहऱ्यापेक्षा मोठा. माझ्या फोटोखाली माझं नाव, हातभर मोठ्या अक्षरांत. बाकी मजकूर असा:

"जगात भारी, शिवाजी पेठ लई भारी!
न दिसणारा कण पकडून जगाला दाखवणारी पेठेची वाघीण!
न्यूट्रिनो घावला!!
हार्दिक अभिनंदन!"

आणि माझ्या बोटाच्या टोकाशी, दोन मजली उंचीला ताणलेला, आकड्यांसकट स्पष्ट वाचता येणारा, आमचा गुप्त आलेख.

बुधवारी बाईंनी मला खोलीत बोलावलं. आत पुण्याचा बसला होता. टेबलावर बोर्डाचा छापलेला फोटो. हा फोटो त्यांच्यापर्यंत कसा गेला हे विचारायची गरज नव्हती. त्या इमारतीत देवनागरी वाचणारे दोघंच होतो आणि मी तर तो दाखवला नव्हता. खाल्ल्या घरचे वासे मोजणारी माणसं मी पेठेत पुष्कळ बघितली होती. पण ती निदान ओरडून मोजतात.

"ही तिसरी ओळ काय आहे?" बाईंनी त्याला विचारलं.

"कण सापडला," तो म्हणाला. "म्हणजे, मिळाला, हाती लागला. बोलीभाषेतला शब्द आहे, ग्रामीण."

"आणि दुसरी?"

त्यानं एकेक शब्द नीट सोडवून सांगितला. वाघीण आल्यावर बाईंच्या भुवया वर गेल्या. वाघाचा या प्रयोगाशी संबंध काय, असं त्यांनी गंभीरपणे विचारलं, आणि त्यानं तितक्याच गंभीरपणे समजावून दिलं. त्याचं भाषांतर अचूक होतं. एक शब्द इकडचा तिकडं नाही.

मी त्याला मराठीत म्हटलं, "सांग की त्यांना, आमच्याकडं असले बोर्ड कशालाबी लागतात. ही घोषणा नव्हं, बापाचं कौतुक हाय."

तो इंग्रजीतच म्हणाला, "मी फक्त भाषांतर करतोय."

बाईंनी फोटो उलटा करून ठेवला. "तुमच्या वडिलांचा दोष नाही," त्या म्हणाल्या. "त्यांना नियम माहीत नव्हता. तुम्हाला होता." खरं तेच होतं, आणि बाईंनी ते दुधातली माशी काढून टाकावी तसं शांतपणे बोलून दाखवलं. विश्लेषण माझ्याकडून काढून घेतलं. आठवडाअखेर माझं दार उघडायचं कार्ड बंद होणार. करार संपला की पुढं नाही.

मी विनवणी केली. मी कुणापुढं हात पसरत नाही, पण तिथं पसरले. म्हटलं, भट्टी दोन-चार आठवड्यांत बंद होणारच आहे. हाकला मला, पण तेवढं बघून जाऊ द्या. ठोके कमी होतात का, एवढंच.

"तेवढंच तुम्हाला बघता येणार नाही," बाई म्हणाल्या, आणि माझ्यासाठी दार उघडून धरलं.

बाहेर कॉफीच्या यंत्राशी पुण्याचा भेटला. कपात साखर ढवळत म्हणाला, "तुमच्याकडे हे जरा जास्तच असतं, नाही?" मी त्याच्या तोंडावर कॉफी फेकायला हवी होती. फेकली नाही, याचा मला अजून पश्चात्ताप होतो. माझं काम त्याच्याकडं गेलं.

मी गाशा गुंडाळून कोल्हापूरला आले. घरी सांगितलं, सुट्टी आहे. फोनवर सांगायची ही गोष्ट नव्हती. समोर बसून सांगू, असं ठरवलं होतं. रिक्षा चौकात वळली आणि वर बोर्डावर मी. आबांनी मंडळाला सांगून बोर्ड उतरवू दिला नव्हता, पोरगी आल्यावर सत्कार करायचा म्हणून. वाऱ्यानं फाटू नये म्हणून असल्या बोर्डांना कोयत्यानं चिरा मारतात. त्यातली एक नेमकी माझ्या गळ्यावर बसली होती, आणि वारा आला की माझं डोकं धडापासून सुटून मान डोलवायचं.

त्या संध्याकाळी आबांनी मला कट्ट्यावर नेलं. गिऱ्हाइकं रांगेत उभी असताना पहिली धार काढून पहिला ग्लास माझ्या हातात दिला. हे त्यांनी कधी कुणासाठी केलं नव्हतं, आई आजारी असताना तिच्यासाठीसुद्धा नाही. "ही बगा आमची," ते रांगेला म्हणाले. "दर रविवारी मी खवळायचो हिच्यावर. आता गप झालो न्हवं?" सगळे हसले. मीही हसले. दूध कोमट आणि गोड होतं. त्या ग्लासापुढं माझी जीभ उचलली नाही. उद्या सांगू म्हटलं, मग परवा म्हटलं.

सत्काराच्या दिवशी सकाळी पुण्याच्याचा निरोप आला. "भट्टी बंद झाली. ठोके तेवढेच पडतायत. वाईट वाटून घेऊ नकोस. ता. क. चटणीची बरणी माझ्याकडेच राहिली आहे."

मी तो निरोप स्वयंपाकघरात उभ्यानं वाचला. भट्टी बंद, न्यूट्रिनो बंद, आणि ठोके तेवढेच. म्हणजे ते न्यूट्रिनोचे नव्हतेच कधी. चिमटे स्फटिकाला चावत होते, कुठंतरी केसाहून बारीक चिरा पडत होत्या, आणि त्या चिरांची ऊब मी अणुभट्टीच्या नावावर मांडली होती. यंत्राला दोन्ही सारखंच. जे नव्हतं ते घावलं असं सांगितलं म्हणून माझी जागा गेली होती. खरोखर काही घावून जागा गेली असती तर निदान घावल्याचं समाधान तरी उरलं असतं. तेही त्या निरोपानं नेलं.

मग मात्र मी थांबले नाही. तशीच गोठ्यात गेले. आबा म्हशीला धूत होते, अंगावर नवा शर्ट चढवलेला, बाह्या वर केलेल्या.

"आबा, जरा बोलायचं हुतं."

"संध्याकाळी बोल की. माईकवर."

"तसं न्हवं. त्या कामाचंच हाय. ते जे घावलं म्हटलो हुतो ना..."

"आगं सगळं आताच सांगिटलंस तर तितं काय बोलशील? जा, साडी बगून ठेव चांगली." आणि त्यांनी बादलीभर पाणी म्हशीच्या पाठीवर ओतलं, थोडं माझ्या पायावर. मी दोनदा हाक मारली. त्यांनी म्हशीशी बोलायला सुरुवात केली. आमच्या घरात विषय असाच बंद होतो.

संध्याकाळी चौकात मांडव, खुर्च्या, हलगी. डोक्यावर फेटा, खांद्यावर शाल, हातात नारळ. पाठीमागं तोच बोर्ड, त्यामुळं स्टेजवर मी दोन होते, एक हसणारी आणि एक खालची. भावी नगरसेवक बोलले. त्यांनी न्यूट्रिनोला दोनदा न्यूट्रॉन आणि एकदा नायट्रोजन म्हटलं, आणि या शोधाचा उपयोग प्रभागातल्या पाण्याच्या प्रश्नासाठी कसा करून घेता येईल ते सांगितलं. आबा पहिल्या रांगेत, फेटा बांधून, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बसले होते. तालमीत पोराची कुस्ती लागल्यावर बाप बसतो, तसे. मग माईक माझ्या हातात आला.

खोटं बोलणं सोपं होतं. आभार मानून बसले असते तर कुणाच्या बापाला कळलं नसतं, माझ्याही नाही. पण ज्या बापाच्या दुधात पाणी घातल्याचं पेठेनं कधी ऐकलं नाही, त्याच्यासमोर उभं राहून मला ते जमेना. मी म्हणाले, "काही घावलेलं नाही. मला जे दिसलं ते न्यूट्रिनो नव्हते. आज सकाळी कळलं. आणि हा बोर्ड लागल्यामुळं माझी तिथली नोकरी गेली. मी सुट्टीवर आलेली नाही, मला काढून टाकलंय."

हलगीवाल्याचा हात वर राहिला. मला वाटलं, आता कळलं सगळ्यांना.

भावी नगरसेवकांनी माझ्या हातातून माईक घेतला. "बगा!" ते ओरडले. "एवढी मोठी शास्त्रज्ञ, पन पाय जमिनीवर! म्हनत्या, मी काय केलंच न्हाई! ह्येला म्हनत्यात संस्कार!" आणि टाळ्यांचा असा कडकडाट झाला की म्हशी बिथरल्या. हलगी वाजली. कुणीतरी माझ्या अंगावर झेंडूच्या पाकळ्या उधळल्या. मी "नाही, खरंच" म्हणत होते आणि माझा माईक बंद होता.

पहिल्या रांगेत एकटे आबा टाळ्या वाजवत नव्हते. त्यांना कळलं होतं. माझा आवाज त्यांनी दर रविवारी ऐकला होता.

घरी आल्यावर आबांनी गोठ्यात जाऊन फेटा सोडला, खुंटीला टांगला, आणि वैरण सोडवायला बसले. मी दारात उभी.

"म्हंजे घावलं न्हाई," ते म्हणाले.

"न्हाई."

"आनि नोकरी माज्यामुळं गेली."

माझ्या आत इतक्या वर्षांचे रविवार गोळा झाले होते. मी "न्हाई आबा, तसं न्हवं" म्हणू शकले असते. म्हटलं नाही. "व्हय," म्हणाले.

त्यांनी मान हलवली. वैरणीच्या दोन पेंढ्या म्हशींपुढं टाकल्या. "गोट्यात सांगिटलं असतंस तर मी हितंच मेलो असतो, एकटाच. चार मानसांत मारलंस."

"मी सकाळी सांगाय आलो हुतो. तुमी ऐकलं न्हाई."

"मी कधी ऐकलंय?" आबा म्हणाले. "तू कशाला थांबलीस मग?" आणि आई मध्ये येऊन नेहमीचं औषध द्यायला लागली, तेव्हा त्यांनी तिला एक बादली फेकून मारली. लागली नाही. पण आई त्यानंतर ते वाक्य कधी बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी आबांनी स्वतः शिडी लावून बोर्ड उतरवला आणि वैरणीच्या गंजीवर अंथरला, छापील बाजू आत करून. मंडळाच्या पोरांनी विचारलं तर म्हणाले, "कापड चांगलं हाय, पाऊस लागत न्हाई." मला पेठेत नवं नाव पडलं होतं. दूध घ्यायला आलेला कुणीही विचारायचा, "न्यूट्रिनो कुटं हाय आज?" आणि दुसरा म्हणायचा, "आसंल हितंच, दिसत न्हाई." आबा हे ऐकून धार काढत राहायचे. पूर्वी असल्या विनोदाचं पहिलं वाक्य त्यांचं असायचं. आता ते त्यात पडत नव्हते, आणि लोकांना थांबवतही नव्हते. मी राजारामपुरीत एका क्लासमध्ये अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवायला लागले. इतर ठिकाणी अर्ज केले होते. उत्तरं नम्र होती. या क्षेत्रात सगळे एकमेकांना ओळखतात, आणि वाघिणीचा किस्सा माझ्याआधी सगळीकडं पोचलेला होता.

आबा माझ्याशी बोलायचे ते म्हशींपुरतं. रेडकू सुटलंय, पेंड संपलीय, पाणी गेलंय. तो जुना प्रश्न त्यांनी पुन्हा विचारला नाही. आपल्याला काय काय झोंबायचं आणि आता काय काय झोंबत नाही, याचा हिशेब माणूस उगीच करत बसतो. मला तो प्रश्न ऐकू येत नाही याचाच त्रास व्हायला लागला होता.

मग त्या मोजणीचा शोधनिबंध आला. क्लासला जायच्या आधी, भाकरीचा शेवटचा घास तोंडात असताना, फोनवर उघडला. निष्कर्ष सरळ होता: न्यूट्रिनोची खूण दिसली नाही, कमी ऊर्जेचे ठोके स्फटिकाच्या चिमट्यांमुळं पडत असावेत, पुढच्या खेपेला तो सैल टांगावा. माझी बैठकीतली शंका जशीच्या तशी. आलेखही माझाच, त्या रेघेला मी निवडलेला झेंडूचा रंग कुणी बदलायचे कष्टही घेतले नव्हते. वर नावांची लांबलचक रांग. पहिलं नाव पुण्याच्याचं. मी रांग वरून खाली वाचली, खालून वर वाचली. मग शेवटी आभार मानलेल्यांची नावं असतात ती वाचली. त्यात अणुभट्टीचे सुरक्षारक्षकसुद्धा होते.

काही सापडलं नाही, हे सांगणाऱ्या कागदावरही मी नव्हते. माझ्या तोंडातला घास तसाच राहिला आणि डोळ्यांतून पाणी यायला लागलं. राग, दुःख, अपमान, काय वाटेल ते नाव द्या. मला त्या वेळी पुण्याच्याच्या घरावर दगड मारावासा वाटत होता, आणि घर कुठं आहे ते माहीत नव्हतं. आईनं विचारलं तेव्हा मी सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि मागच्या दारानं गोठ्यात गेली.

थोड्या वेळानं आबा आत आले. हात शेणानं भरलेले, ते अंगापासून लांब धरून. उंबऱ्यातच थांबले.

"काय लिवलंय त्यात?"

"घावलं न्हाई, असं."

"एवढं लिवाय किती मानसं हायत?"

"लई."

"आनि तुजं नाव?"

मी मान हलवली. आबा फोनकडं बघत राहिले. बंद झालेल्या पडद्यात त्यांना काय दिसत होतं कोण जाणे. मला वाटलं, आता येईल. पगार कशाचा घेतलास, एवढी वर्षं काय भाजलंस, असलं काहीतरी येईल आणि मी या वेळी उलट बोलेन, जन्माचं बोलून घेईन. मी त्याच तयारीत होते.

"त्यास्नी नाव लिवाय न्हाई जमलं व्हय?" आबा म्हणाले. "आमी तर लिवलं हुतं की. केवड्या मोठ्या अक्षरांत."